नाडी सापडत नाही तेव्हा

मागच्या भागात आपण रक्तातल्या लोहाबद्दल बोललो. आजही विषय रक्ताचाच आहे, पण रक्त ज्या नळ्यांतून वाहतं त्या नळ्यांचा. आणि आज मी थोडा इतिहास सांगणार आहे. माझं बी.ए. इतिहासात झालंय. त्यामुळे कुठल्याही आजाराचं नाव ऐकलं की मला पहिला प्रश्न पडतो, हा पहिल्यांदा दिसला कुणाला, आणि दिसला कसा? कारण शरीराच्या आत घडणारी गोष्ट काही आपोआप दिसत नाही. कुणीतरी ती बघायची वाट शोधून काढावी लागते.

हृदयातून शुद्ध रक्त घेऊन निघते ती महारोहिणी. आपल्या अंगठ्याएवढी जाड असते ती. तिला पुढे फाटे फुटतात. दोन मानेतून डोक्याकडे जातात, दोन हातांकडे, दोन मूत्रपिंडांकडे, आणि खाली दोन पायांकडे. गावाच्या टाकीपासून निघालेली मोठी पाईपलाईन आणि तिच्या गल्लीगल्लीत गेलेल्या शाखा, तसंच. काही जणींच्या बाबतीत शरीराची स्वतःची रोगाशी लढणारी ताकदच चुकून या मोठ्या नळ्यांच्या भिंतीवर तुटून पडते. भिंत सुजते, जाड होते. महिने, कधी वर्षं जातात. आतली वाट अरुंद होते आणि शेवटी एखादी शाखा बंदच पडते. ही सूज येते बहुतेक करून बायकांना, आणि तीही चाळिशीच्या आत. जपानमध्ये दर दहा रुग्णांत साधारण नऊ बायका, असा तिथल्या डॉक्टरांचा जुना अनुभव. आपल्या देशात पुरुषांचं प्रमाण त्याहून थोडं जास्त आहे, तरी बायकाच अधिक. आजार विरळा आहे, घाबरून जाऊ नका. पण आपल्या भागात तो नाहीच, असं समजू नका.

याचं नाव आहे ताकायासूचा आजार. आपले डॉक्टर ‘टाकायासू’ म्हणतात. मिकितो ताकायासू हे जपानमधल्या कानाझावा गावच्या वैद्यकीय शाळेतले डोळ्यांचे प्राध्यापक. हृदयाचे नव्हे, रक्ताचे नव्हे, डोळ्यांचे. त्यांच्याकडे 21 वर्षांची एक मुलगी दृष्टी कमी होतेय म्हणून आली. त्यांनी तिच्या डोळ्याच्या आत पाहिलं, तर पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जाऊन गोल कडं तयार झालेलं. अंबाड्याभोवती गजरा माळावा तसं. 1908 साली जपानच्या नेत्रतज्ज्ञांच्या वार्षिक सभेत त्यांनी ही गोष्ट मांडली. तेव्हा ओनिशी आणि कागोशिमा नावाचे आणखी दोन डॉक्टर उभे राहिले. आमच्याकडेही असेच डोळे असलेल्या रुग्ण आहेत, असं त्यांनी सांगितलं, आणि त्यांच्या मनगटाला नाडीच लागत नाही.

मला या सभेचं फार अप्रूप वाटतं. एकाने डोळा पाहिला, दुसऱ्यांनी मनगट धरलं, आणि दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यावर कळलं की बिघाड ना डोळ्यात आहे ना मनगटात. तो मध्ये कुठेतरी, छाती-मानेच्या मोठ्या नळ्यांत आहे. मानेतून वर जाणारं रक्त कमी पडलं म्हणून डोळ्याने आपल्यापुरत्या आडवाटा काढल्या होत्या. असे रुग्ण त्याआधी कुणाला भेटलेच नव्हते, असंही नाही. 1856 मध्ये लंडनच्या सॅव्हरी नावाच्या डॉक्टरांनी एका तरुणीबद्दल लिहिलं होतं. तिच्या दोन्ही हातांच्या आणि मानेच्या डाव्या बाजूच्या मुख्य रोहिण्या पूर्ण बंद झाल्या होत्या. पण ती एक नवलाची नोंद म्हणून राहून गेली. पुढे 1951 मध्ये शिमिझू आणि सानो या जपानी डॉक्टरांनी या आजाराला ‘नाडी नसलेला आजार’ असं नाव दिलं, तेव्हा जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष गेलं.

नाव चांगलं आहे, लक्षात राहतं. पण त्यातच अडचणही आहे बघा. नाडी गेली म्हणजे नळी बंद झाली. आजार ओळखण्याची खूणच अशी की ती दिसेपर्यंत बरंचसं नुकसान होऊन गेलेलं. पुढच्या सगळ्या यंत्रांची धडपड एवढ्यासाठीच होती, की नाडी जायच्या आधी आत काय चाललंय ते दिसावं.

पहिलं यंत्र क्ष-किरणांचं, म्हणजे एक्स-रे. 1895 च्या नोव्हेंबरात जर्मनीत राँटगेन यांना हे किरण सापडले आणि डिसेंबरात त्यांनी बायकोच्या हाताचा फोटो काढला. हाडं दिसली, बोटातली अंगठी दिसली. रक्तवाहिन्या दिसल्या नाहीत, कारण रक्त-मांस किरणांना फारसं अडवत नाही. मग महिन्याभरातच व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल या दोघांनी एका मृत हाताच्या रक्तवाहिन्यांत खडूसारखं जाड मिश्रण भरलं आणि फोटो काढला. झाडाच्या फांद्यांसारख्या नळ्या उमटल्या. पण ते मिश्रण जिवंत माणसात कसं भरणार? तिथे तीस वर्षं गेली. 1927 मध्ये पोर्तुगालच्या लिस्बन शहरात एगास मोनिझ यांनी आयोडीनयुक्त द्रव जिवंत माणसाच्या मानेच्या रोहिणीत घालून मेंदूच्या नळ्यांचा फोटो मिळवला. दोनच वर्षांत त्याच शहरात दोस सांतोस यांनी पाठीतून लांब सुई घालून थेट महारोहिणीचा फोटो काढला. आपण आज अँजिओग्राफी म्हणतो, ती ही.

1929 चीच आणखी एक गोष्ट आहे, ती मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. जर्मनीत वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला डॉक्टर होता. त्याला हाताच्या शिरेतून बारीक नळी घालून हृदयापर्यंत न्यायची होती. वरिष्ठांनी मनाई केली. निर्जंतुक सामानाच्या किल्ल्या होत्या गेर्डा डिट्झेन या नर्सकडे. ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर कर. त्याने तिला टेबलावर झोपवलं, हातपाय बांधले, आणि तिच्या नकळत नळी स्वतःच्याच दंडात सरकवली. मग दोघं जिना उतरून एक्स-रेच्या खोलीत गेली आणि नळीचं टोक हृदयात आहे हे फोटोत दिसलं. फोर्समानला 1956 मध्ये नोबेल मिळालं. गेर्डाला काय मिळालं, हे तुम्हीच ओळखा.

सुरक्षित रीत मिळाली 1953 मध्ये, स्वीडनच्या सेल्डिंगर या डॉक्टरांमुळे. पोकळ सुई रोहिणीत टोचायची, सुईतून तार आत सरकवायची, सुई काढून घ्यायची, तारेवरून मऊ नळी ओवायची आणि मग तारही काढायची. परकरात नाडी ओवणारीला हे वेगळं समजावून सांगायला नको. आजही जगभर असंच करतात.

अँजिओग्राफीने ताकायासूच्या आजाराचा नकाशा मिळाला. कुठली शाखा अरुंद, कुठली बंद, कुठे फुगवटा. त्यातूनच लक्षात आलं की जपानी बायकांत छातीच्या वरच्या शाखा जास्त बिघडतात, तर भारतात पोटातली महारोहिणी आणि मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या शाखा जास्त. मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं की ते शरीराचा रक्तदाब वाढवतं. म्हणून आपल्याकडे पंचवीस-तिशीच्या बाईचं बीपी फार वाढलेलं आढळलं, की जाणकार डॉक्टर या आजाराचाही विचार करतात. नुसती ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून गोळी देत नाहीत.

पण अँजिओग्राफीला एक मोठी मर्यादा होती. ती नळीच्या आतली पोकळी दाखवते, भिंत दाखवत नाही. पावसाळ्यात मातीच्या भिंतीला ओल चढते ना, तेव्हा खोलीचा फोटो काढला तर खोली तेवढीच दिसते. भिंत खचून आत आली की मगच खोली लहान दिसते. ओल दिसायला भिंतीकडेच बघावं लागतं.

भिंतीकडे बघणारं पहिलं सोयीचं यंत्र तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचं आहे, सोनोग्राफी. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की गरोदरपण, आणि मग गर्भलिंग तपासणीचा काळा इतिहास. ती तपासणी रोखणारा कायदा देशात सगळ्यात आधी आपल्या महाराष्ट्राने केला, 1988 मध्ये. बायकांच्या संघटनांनी तो करायला लावला. त्यामुळे या यंत्राबद्दल आपल्या मनात अढी असणं साहजिक आहे. पण त्याचा जन्म पाहा. स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात इयान डोनाल्ड हे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. लोखंडी बॉयलरला आतून तडा गेलाय का, हे कारखान्यात आवाजाच्या लहरी सोडून तपासत. डोनाल्डना वाटलं, बाईच्या पोटात का नाही चालणार? एका बाईला पोटाचा बरा न होणारा कॅन्सर आहे असं सांगून झालं होतं. यंत्राने दाखवलं की ती अंडाशयाची पाण्याची गाठ आहे. शस्त्रक्रिया झाली आणि बाई वाचली. 1958 मध्ये त्यांचा लेख छापून आला. त्याच दशकात जपानच्या ओसाका शहरात सातोमुरा यांनी अशाच लहरींनी वाहतं रक्त ओळखायची रीत काढली. त्याला आपण डॉप्लर म्हणतो.

1991 मध्ये जपानी डॉक्टरांनी ताकायासूच्या रुग्णांच्या मानेवर सोनोग्राफी केली, तर रोहिणीची भिंत चोहोबाजूंनी सारखी जाड दिसली. त्यांनी त्याला मॅकरोनीची खूण म्हटलं. पोरं बोटांत घालून खातात त्या पिवळ्या नळ्या आठवा. जाड भिंत, मध्ये पोकळ. अगदी तसं. 1997 मध्ये बर्लिनच्या श्मिट या डॉक्टरांनी याच जातीच्या दुसऱ्या आजारात, जो पन्नाशीनंतर होतो आणि युरोपात जास्त आढळतो, कानशिलाच्या रोहिणीभोवती काळं वलय दाखवलं. वलय म्हणजे भिंतीची सूज. पूर्वी त्यासाठी कानशिलाचा तुकडा काढून तपासावा लागे.

सीटी स्कॅनची गोष्ट रेडिओवर सांगायला मजा येते. तो बनवला गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी, आणि ते नोकरीला होते ईएमआय कंपनीत. ग्रामोफोनसमोर बसलेल्या कुत्र्याचं चित्र आठवतं? ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकड्या याच कंपनीच्या. आपल्या आज्यांनी त्यावर नाट्यगीतं ऐकली. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी झाला. ती एक बाई होती, मेंदूत गाठ असल्याचा संशय होता. एमआरआय त्यानंतर आला. त्याची कल्पना लाउटरबर यांनी 1973 मध्ये मांडली. तो चुंबकावर चालतो, त्यात क्ष-किरण नसतात, आणि भिंतीतली सूज चांगली दिसते.

आणि पेट स्कॅन. हा सगळ्यांत चतुर. जिथे दाह पेटलाय तिथल्या पेशी साखर भराभर खातात. म्हणून किंचित किरणोत्सारी केलेली साखर शिरेतून देतात आणि ती कुठे जमते ते पाहतात. ही साखर बनवणाऱ्या अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या चमूत जोआना फाउलर या बाई होत्या. तिचा निम्मा जोर पावणेदोन-दोन तासांत ओसरतो, म्हणून 1976 मध्ये ती छोट्या विमानाने फिलाडेल्फियाला नेऊन पहिल्यांदा माणसांना दिली. मोठ्या रोहिण्यांच्या सुजेसाठी हा स्कॅन वापरून पाहिला तो बेल्जियमच्या लूव्हेनमधल्या डॉक्टरांनी, 1990 च्या दशकाच्या शेवटी. नळी अजून पूर्ण उघडी आहे, नाडी व्यवस्थित लागतेय, आणि स्कॅनमध्ये महारोहिणी लख्ख पेटलेली. म्हणजे ओल दिसली. भारतातलं पहिलं पेट केंद्र 2002 मध्ये आपल्या मुंबईत, परळला सुरू झालं.

2018 मध्ये युरोपच्या संधिवात तज्ज्ञांनी सल्ला दिला की ताकायासूच्या आजाराचं निदान करायला आता जुनी तार-नळीची अँजिओग्राफी नको. आधी एमआरआय, तो नसेल तर सीटी, पेट किंवा सोनोग्राफी. तार-नळीची गरज उरली ती बंद वाट उघडण्याच्या उपचारापुरती.

एवढी यंत्रं सांगितली खरी. पण आपल्या गावातून तिथपर्यंत पोचायचं कसं? चिठ्ठी लिहिली गेली तर पोचणार. आणि चिठ्ठी लिहायला कुणालातरी संशय यायला हवा. 1990 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी या आजाराच्या सहा खुणा ठरवल्या, त्यांतल्या तीन जुळल्या तर हा आजार धरायचा. चाळिशीच्या आत सुरुवात. काम करताना हात किंवा पाय दुखून गळून जाणं आणि थांबल्यावर बरं वाटणं. दंडाची नाडी कमी लागणं. दोन हातांच्या वरच्या बीपीत 10 पेक्षा जास्त फरक. गळपट्टीच्या हाडापाशी किंवा पोटावर आला लावल्यावर रक्ताचा सूं सूं आवाज. आणि सहावी, अँजिओग्राफीतला बिघाड. मोजून पाहा. सहातल्या पाच खुणांना विजेचं बटणसुद्धा लागत नाही. बीपीचा पट्टा, आला, दोन बोटं आणि बाईचं म्हणणं नीट ऐकून घेणारे कान, एवढं पुरतं. आपल्याकडे चंडीगडच्या बी. के. शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये भारतीय रुग्णांना लागू पडतील अशा सुधारणा एका जुन्या जपानी यादीत सुचवल्या.

आमच्या एका गटातल्या ताईंची सून, तिच्या परवानगीने सांगते, सव्वीस वर्षांची. धुणं वाळत घालताना डावा हात गळून जायचा. बारीक ताप, वजन उतरलेलं. दीड वर्ष ‘अशक्तपणा’ म्हणून टॉनिक चालू होतं. एका ठिकाणी डाव्या हातावर बीपी येईना, तर मशीन बिघडलंय म्हणून ते बाजूला ठेवलं आणि बीपी न घेताच तिला घरी पाठवलं. दुसऱ्या मशीनवरही येईना, तेव्हा तिच्या सासूनेच विचारलं, दुसरा हात का बघत नाही? उजव्या हातावर आलं. मग एका डॉक्टरबाईंनी दोन्ही मनगटं एकदम धरली आणि शहरात पाठवलं. सीटीत डाव्या हाताची रोहिणी बंद, मानेतली एक जाड झालेली. आता स्टेरॉइड आणि सूज दाबणाऱ्या दुसऱ्या गोळ्या चालू आहेत. मशीनवर शंका घेतली गेली, बाईच्या हातावर घेतली गेली नाही, याचा मला अजून राग येतो.

हे भाषण लागल्यावर तुमचे फोन आले, त्यांतल्या तिघींची उत्तरं देते. एका ताईने विचारलं, दोन्ही हातांत थोडा फरक माझाही येतो, मला आहे का? थोडा फरक पुष्कळ निरोगी लोकांत असतो. पाच मिनिटं बसून परत मोजा. दर वेळी बराच फरक येत असेल, किंवा एका हाताला नाडीच लागत नसेल, तर डॉक्टरांना तेवढं स्पष्ट सांगा.

दुसरीने विचारलं, बरं वाटलं की स्टेरॉइड बंद करायचं का? स्वतःच्या मनाने अजिबात नाही. ते एकदम सोडलं तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टर हळूहळू कमी करतात, आणि मधूनमधून पुन्हा स्कॅन करायला सांगतात, कारण बरं वाटत असतानाही भिंतीत सूज चालू असू शकते.

तिसरीचा प्रश्न, दिवस गेले असतील तर यांतलं काय चालतं? सोनोग्राफीत किरण नसतात, ती चालते. एमआरआयसुद्धा बहुधा चालतो, पण त्यात शिरेतून देतात ते औषध गरोदरपणी टाळतात. सीटी आणि पेटमध्ये किरण असतात. म्हणून पाळी चुकली असेल तर खोलीत जायच्या आधीच सांगायचं, कुणी विचारायची वाट बघायची नाही. आणि पेटला जाताना काही तास उपाशी राहावं लागतं, साधा चहासुद्धा नको. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर त्या दिवशी काय करायचं, ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.